घरापासून तीन किलोमीटर: फोटोसाठी जागा कशा हेरायच्या

फोटो काढायला कुठं जावं, असं विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा लडाख, हंपी नाहीतर कास पठार असतं. तिथं वर्षाकाठी एकदा जाणं होतं, दोन दिवसांत जे ऊन मिळेल त्यात फोटो काढावे लागतात आणि घरी आल्यावर कॅमेरा कपाटात जातो. हात बसतो तो रोज जाता येईल अशा जागेवर. आणि अशी जागा प्रत्येकाच्या घराजवळ असते, हे मी पूर्ण विश्वासाने सांगतो. ती दिसत नाही, कारण आपण तिथून नेहमी एकाच वेळी जातो, सकाळी दहाला कामावर आणि संध्याकाळी सातला परत.

म्हणून जवळची जागा शोधायची म्हणजे तिचं वेळापत्रक शोधायचं. माझ्या मते प्रत्येक जागेला तीन वेळापत्रकं असतात: उन्हाचं, पाण्याचं आणि कामाचं. ही तिन्ही कशी काढायची ते इथं क्रमाने सांगतो. उदाहरणं कोल्हापूरची आहेत, कारण मी इथं राहतो आणि इथल्याच गल्ल्या मला पाठ आहेत. तुमचं गाव सांगली असो की साकोली, रीत तीच.

कॅमेरा कुठला, हा प्रश्न बाजूला ठेवा. सुरुवातीचे सगळे टप्पे फोनवर होतात, किंबहुना फोनवरच सोयीचे पडतात.

पहिली पायरी: नकाशावर वर्तुळ

गुगल मॅप्सवर घराभोवती साधारण तीन किलोमीटरचं वर्तुळ मनाने आखा. एवढं अंतर पायी पाऊण तासात कापता येतं, त्यामुळे पहाटे उठून जाऊन आंघोळीच्या वेळेला परत येणं जमतं. मिरजकर तिकटी मध्य धरली तर त्यात रंकाळा तलाव, पंचगंगा घाट, खासबाग मैदान, भवानी मंडप, बिंदू चौक, गंगावेश, लक्ष्मीपुरी, टाऊन हॉल एवढं सगळं येतं. ही नावं वाचून कुणालाही वाटेल, यात नवीन काय? नवीन काही नाही. पण यांतल्या किती ठिकाणी तुम्ही सकाळी सहाला उभे राहिला आहात?

आता उपग्रहाचं चित्र लावा आणि नावं विसरून आकार बघा. पाणी कुठं आहे, पायऱ्या कुठं आहेत, कुठली गल्ली सरळ पूर्व-पश्चिम जाते, मोकळं मैदान कुठं, उंचावर चढायला कुठं मिळेल, कौलांचे मोठे छप्पर कुठं दिसतात. मोठ्या छपराखाली बहुधा एखादा कारखाना, वखार किंवा तालीम असते. अशा जागांवर खूण करत चला. वीसेक खुणा सहज होतात. पर्यटनस्थळांच्या यादीतली नावं मुद्दाम शेवटी टाका, नाहीतर सगळी नजर तिकडेच जाते.

दुसरी पायरी: उन्हाचं वेळापत्रक

इथं सर्वांत जास्त वेळ घाला. सूर्य पूर्वेला उगवतो हे शाळेतलं उत्तर फोटोसाठी पुरत नाही. आपल्या अक्षांशावर जूनच्या शेवटी तो ठीक पूर्वेपेक्षा सुमारे २४ अंश उत्तरेला उगवतो आणि डिसेंबरच्या शेवटी तेवढाच दक्षिणेला. म्हणजे वर्षभरात उगवतीची आणि मावळतीची जागा क्षितिजावर जवळजवळ ४९ अंश फिरते. जी भिंत डिसेंबरात सकाळी उजळून निघते ती जूनमध्ये सावलीत असू शकते.

कोल्हापूरकरांना हे वेगळं शिकवायला नको. अंबाबाईच्या मंदिरातला किरणोत्सव म्हणजे हेच गणित. देवळाचं तोंड पश्चिमेला. ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी, आणि पुन्हा ९, १०, ११ नोव्हेंबर या दिवशी मावळतीची किरणं महाद्वारातून, गरुड मंडपातून थेट गाभाऱ्यात जातात. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर, असा त्यांचा क्रम मानला जातो. वाटेत उंच इमारत किंवा ढग आला तर किरणं अडतात, म्हणून त्या दिवसांत सगळ्या शहराचं लक्ष आभाळाकडे लागलेलं असतं.

आता या तारखा नीट बघा. २१-२२ डिसेंबरच्या आधी साधारण ४१ दिवस आणि नंतर साधारण ४१ दिवस. सूर्य डिसेंबरअखेरीस दक्षिणेचं टोक गाठून परत फिरतो, त्यामुळे प्रत्येक कोन वर्षातून दोनदा येतो, एकदा जाताना, एकदा येताना. हा नियम तुमच्या गल्लीलाही लागू आहे. एखाद्या बोळात ७ मेच्या सुमाराला सुंदर ऊन सापडलं, तर २१ जून मधे धरून पलीकडे तेवढेच दिवस मोजा. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तोच कोन परत येतो, ढगांनी परवानगी दिली तर. घड्याळातली वेळ मात्र तीच राहत नाही. १० नोव्हेंबरला कोल्हापुरात सूर्य सहाच्या आसपास मावळतो, १ फेब्रुवारीला साधारण साडेसहाला. कोन एकच, वेळेत अर्ध्या तासाचा फरक. हे लक्षात ठेवलं नाही तर फोटो हुकतो.

सूर्य रोज किती सरकतो हेही कळलं पाहिजे. किरणोत्सवाच्या दिवसांत मावळतीची जागा रोज सूर्याच्या व्यासाच्या जवळपास निम्म्याने हलते. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनाजवळ ती रोज सुमारे पाऊण व्यासाने हलते. उलट जून आणि डिसेंबरच्या अखेरीस कित्येक दिवस ती जागची हलत नाही म्हटलं तरी चालेल. म्हणून पूर्व-पश्चिम गल्लीत दोन्ही टोकांपर्यंत सरळ ऊन शिरतं ते मोजक्याच दिवसांत. महाद्वारासमोरून रंकाळ्याकडे जाणाऱ्या ताराबाई रोडवर किरणोत्सवाच्या आगेमागे संध्याकाळी उभे राहून बघा. देवळाकडे निघालेल्या किरणांत रस्त्यावरची माणसं, सायकली, फुलांच्या टोपल्या सगळं काठाकाठाने उजळतं आणि सावल्या देवळाच्या दिशेने लांब पडतात. गाभाऱ्यात फोटो काढू देत नाहीत, आणि काढूही नये. पण रस्ता सगळ्यांचा आहे.

हे काढायला साधन सोपं आहे. सनकॅल्क या संकेतस्थळावर जागा आणि तारीख टाकली की उगवतीची आणि मावळतीची रेघ नकाशावर दिसते. फोटोपिल्ससारखी विकतची अॅप आहेत, पण सुरुवातीला गरज नाही. पहिल्या पायरीत केलेल्या खुणा घ्या, प्रत्येकीसाठी डिसेंबर, मार्च आणि जून अशा तीन तारखा तपासा आणि लिहून ठेवा: सकाळची जागा, संध्याकाळची जागा, की दिवसभर सावलीतली जागा. सावलीतली जागा टाकून देऊ नका. भर दुपारी माणसांचे चेहरे काढायला तीच लागते. कोल्हापुरात सूर्योदय जूनच्या सुरुवातीला सहाच्या सुमाराला होतो आणि जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सात वाजून पाच मिनिटांच्या आसपास, म्हणजे सकाळी लवकर उठायला जमत नसेल त्यांनी थंडीपासून सुरुवात करावी.

चंद्राचं एका वाक्यात सांगतो. पौर्णिमेला तो सूर्यास्ताच्या सुमाराला समोरच्या दिशेने उगवतो, त्यामुळे आभाळात अजून निळाई असताना चंद्र आणि इमारती एकाच फोटोत बसतात.

तिसरी पायरी: पाण्याचं वेळापत्रक

गावाजवळ नदी, तलाव, कालवा, अगदी डबकं असलं तरी त्याची पातळी वर्षभर बदलते आणि पातळीबरोबर जागाच बदलते. पंचगंगा घाटावरची नदीपात्रातली छोटी मंदिरं पावसाळ्यात पाण्याखाली जातात. पाणी उतरताना घाटाच्या पायऱ्यांवर गाळाचा थर राहतो आणि त्यावर तिरपं ऊन पडलं की पायरीन् पायरी वेगळी दिसते. ही अवस्था थोडे दिवस असते, मग कुणीतरी धुऊन काढतं.

नदी कुठं आहे हे बघायला आम्हा कोल्हापूरकरांकडे राजाराम बंधाऱ्यावरच्या पाणीपातळीचा आकडा असतो. ३९ फूट म्हणजे इशारा पातळी, ४३ फूट म्हणजे धोका पातळी. पावसाळ्यात हे आकडे रोज बातम्यांत येतात. फोटो काढणाऱ्याने ते वहीत टिपून ठेवावेत: अमुक फुटांना घाटाची कुठली पायरी बुडते, कुठल्या देवळाचा कळस तेवढा उरतो. पुढच्या वर्षी घरबसल्या कळतं आज काय दिसत असेल. तुमच्या गावात धरणाचा विसर्ग किंवा पुलाच्या खांबावरची रेघ हेच काम करते.

पण एक गोष्ट ठामपणे सांगतो. इशारा पातळीनंतर पाण्याजवळ जायचं नाही. पाणी वरून वाहत असलेल्या बंधाऱ्यावर किंवा पुलावर पाय ठेवायचा नाही. २०१९ च्या महापुरात पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती, हे ज्यांनी पाहिलं त्यांना अधिक सांगायला नको. आणि ज्यांच्या घरात पाणी शिरलंय त्यांच्याकडे लेन्स रोखण्याआधी हातभार लावायला जावं.

रंकाळ्याचा फोटो प्रत्येकाकडे असतो, मावळतीचा, समोर लालभडक आभाळ. तिथं पहाटे जा. हिवाळ्यात पाण्यावर धुकं असतं, वारा पडलेला असतो, संध्यामठ या दगडी वास्तूचं प्रतिबिंब स्थिर दिसतं. वारा हा या पायरीतला लपलेला घटक आहे: प्रतिबिंब हवं असेल तर सूर्योदयाच्या आधी पोहोचा, ऊन चढलं की वारा सुटतो आणि पाण्यावर सुरकुत्या येतात.

चौथी पायरी: कामाचं वेळापत्रक

माझा सगळ्यांत जास्त जीव या पायरीवर आहे. ऊन आणि पाणी नकाशावरून, बातम्यांवरून कळतं. काम कधी चालतं हे फक्त विचारून कळतं.

गंगावेशीतला दूध कट्टा घ्या. म्हशी आणून तिथंच धार काढतात आणि धारोष्ण दूध ग्लासात भरून गिऱ्हाइकाच्या हातात देतात. दिवसा तिथून जाणाऱ्याला साधा चौक दिसतो. पहाटे आणि संध्याकाळी तिथं म्हशी, चरव्या, ग्लासावर चढलेला फेस आणि तालमीतून आलेली पोरं असतात. बल्बच्या उजेडात म्हशीची काळी पाठ चमकते, तेव्हा एक्सपोजर (फोटोत घेतला जाणारा उजेड) थोडं कमी करा, नाहीतर कॅमेरा काळ्याला राखाडी करून टाकतो आणि फेस फुटून पांढरा ठिपका होतो.

तालमी पहाटेच जाग्या असतात. आत तांबडी माती, वर एखादा झरोका. इथं ३५ किंवा ५० मिमीची, मोठ्या छिद्राची (जास्त उजेड आत घेणारी) लेन्स असेल तर बरं. माती अंगाला लावताना सेकंदाच्या १/१२५ एवढा शटर पुरतो, पण डाव टाकतानाचा क्षण गोठवायचा तर १/५०० लागतो, मग आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ३२०० पर्यंत न्यावा लागला तरी न्या. फोटोतले दाणे चालतात, हललेला चेहरा चालत नाही. फ्लॅश कधीही नाही. चपला बाहेर, आणि आधी वस्तादांची परवानगी. काही तालमींत स्त्रियांना आत प्रवेश नसतो, त्यामुळे जाण्याआधी विचारून घ्या.

गणपतीच्या आधीचे दोन-तीन महिने बापट कॅम्प आणि शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत जा. रंग न लावलेल्या मूर्तींच्या रांगा मंडपात उभ्या असतात आणि पावसासाठी बांधलेल्या प्लॅस्टिकच्या कापडातून ऊन गाळून येतं. कुठल्याही स्टुडिओत इतका मऊ उजेड विकत मिळत नाही. कापड निळं असेल तर सगळं निळं दिसेल, तेव्हा कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (रंगाची झाक सुधारणारी सोय) हाताने लावा किंवा फोटो सरळ कृष्णधवल करा. डोळ्यांची आखणी करणाऱ्या कारागिराच्या जवळ मात्र फिरकू नका. तिथं हात हलला तर मूर्ती जाते. लांबून, त्याच्या उजेडात न येता काढा.

आणि गुऱ्हाळ. ते तीन किलोमीटरच्या थोडं बाहेर पडेल, पण सायकलने जमतं. दिवाळीच्या आसपास हंगाम सुरू होतो आणि मार्चपर्यंत चालतो. शिवाजी पूल ओलांडला की उसाचे मळे लागतात, जिथं चिमणीतून धूर दिसेल तिकडे वळायचं. चरकातून रस निघतो, काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, उकळतो, भेंडीचं पाणी घातलं की मळी वर येते आणि ती काढत राहतात. गुळव्या हा तिथला जाणता माणूस, पाक तयार झाला की नाही हे तोच ठरवतो. तो सांगतो तेव्हा सगळे मिळून काहील उतरवून वाफ्यात (गूळ थंड करायच्या उथळ खळग्यात) ओततात, आणि त्या एका मिनिटात वाफेचा असा लोट उठतो की पलीकडची माणसं दिसेनाशी होतात. फोटो त्या मिनिटाचा आहे. उजेड वाफेच्या मागून येईल अशा बाजूला आधीच जागा धरून ठेवा, वाफ समोरच्या उजेडात नुसती पांढरी दिसते आणि मागच्या उजेडात तिला आकार येतो. काहिलीपासून दोन हात लांब राहा, उकळता पाक अंगावर उडाला तर चिकटून बसतो. गुळव्याला "मामा, काहील कधी उतरायची?" एवढं विचारलं की तो घड्याळ न बघता अचूक सांगतो.

तुमच्या गावात गुऱ्हाळ नसेल. मग फुलबाजार, मच्छीबाजार, एसटी डेपोचं वर्कशॉप, वीटभट्टी, बँडवाल्यांचा सराव, पेपर वाटपाचा पहाटेचा अड्डा, यांतलं काहीतरी नक्की असेल. रस्ता झाडणाऱ्या ताईंना आणि चहाच्या गाड्यावाल्याला विचारा. शहर कुठं कधी जागं होतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

पाचवी पायरी: कॅमेऱ्याविना फेरी आणि वही

खूण केलेल्या जागी पहिल्यांदा नुसतं जा. उभे राहा, बसा, कुठून किती दिसतं ते बघा. फोनवर एखाददुसरा फोटो आठवणीसाठी. मग वहीत नोंद. माझ्या वहीतल्या नोंदी साधारण अशा असतात:

"बिंदू चौक, तुरुंगाची भिंत. जानेवारी, सकाळी ८. ऊन डावीकडून, दगडाचे सांधे छान. समोर दोन फ्लेक्स, एक वीजखांब. खाली वाकलं तर फ्लेक्स जातात. नऊनंतर रिक्षा लागतात. रविवारी यावं."

यात चार गोष्टी हव्यातच: महिना आणि वेळ, उजेडाची दिशा, अडथळा, परत कधी यायचं. अशा नोंदी वर्षभर केल्या की फोटो कुठं काढू, असा प्रश्न पडत नाही. कुठल्या रविवारी कुठं, एवढंच ठरवायचं राहतं.

सहावी पायरी: फ्लेक्स, तारा आणि पार्किंग

आपल्या शहरांत स्वच्छ पार्श्वभूमी मिळत नाही, ही तक्रार खरी आहे. तिच्यावर तीन उपाय मला लागू पडले. एक, गुडघ्यावर बसून वर बघा, गाड्या आणि फ्लेक्सचा खालचा भाग गायब होतो, कळस आणि आभाळ उरतं. दोन, पुढं सरका. सगळा वाडा घेण्याऐवजी दाराची एक कडी, तिच्यावर घासून चकचकीत झालेला भाग, बाजूचा खिळा. तीन, सावलीचा उपयोग करा: उजेडावर एक्सपोजर धरलं की सावलीतला कचरा काळ्यात बुडतो. आणि कधीकधी फ्लेक्सच फोटोत राहू द्या. वाढदिवसाच्या पंचवीस चेहऱ्यांखाली बसलेली भाजीवाली मावशी हा आपल्या काळाचा खरा फोटो आहे.

सातवी पायरी: माणसं आणि परवानग्या

कॅमेरा काढला की कोणीतरी विचारणारच, "काय काढालाय भावा? कुठल्या पेपरचं?" सरळ सांगा, "पेपरचा नाही दादा, छंद आहे, हितंच राहतो." पुढच्या वेळी फोटोची प्रत नेऊन द्या. छोटी प्रिंट अगदी स्वस्तात निघते आणि तिच्यामुळे जी दारं उघडतात ती दुसऱ्या कशानेही उघडत नाहीत. लहान मुलांचे फोटो आईवडिलांना विचारल्याशिवाय नको. घाटावर आंघोळ करणाऱ्यांचे, अंत्यविधींचे अजिबात नको. नाही म्हटलं तर हसून पुढं जायचं.

पुरातत्त्व विभागाच्या वास्तूंत फोनवर फोटो बहुधा चालतात, पण ट्रायपॉडला वेगळी परवानगी लागते. लष्करी हद्द आणि विमानतळाजवळ कॅमेरा बाहेर काढू नका. ड्रोनसाठी २०२१ च्या नियमांप्रमाणे नोंदणी आणि हवाई क्षेत्राची अट आहे, उडवण्याआधी डिजिटल स्काय पोर्टलवर आपला भाग नकाशावर कुठल्या रंगात आहे, उडवायला मोकळा की मनाईचा, ते तपासा.

आठवी पायरी: वर्तुळ मोठं करणं

एक जागा चारही ऋतूंत पाहून झाली की वर्तुळ पंधरा-वीस किलोमीटरवर न्या. आता तिन्ही वेळापत्रकं काढायची सवय झालेली असते, त्यामुळे पन्हाळ्याला किंवा जोतिबाला जाताना तुम्ही पर्यटकासारखे जात नाही. त्रिपुरारी पौर्णिमेला पहाटे पंचगंगा घाटावर हजारो पणत्या लागतात, त्या दिवशी ट्रायपॉड कुठं लावायचा हे तुम्हाला पाण्याच्या वहीतून आधीच माहीत असतं. जोतिबाची चैत्र यात्रा तशीच. सासनकाठ्या (देवाच्या मानाच्या उंच काठ्या) मंदिराच्या आवारात येतात तेव्हा आभाळ गुलालाने गुलाबी होतं, आणि ऊन त्या गुलालातून मागून यावं म्हणून कुठल्या बाजूला थांबायचं ते आदल्या आठवड्यात जाऊन बघून ठेवा.

गुलालासाठी तयारी मात्र घरूनच करा. कॅमेऱ्याला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून लेन्सपुरतं भोक ठेवा, लेन्सवर साधा फिल्टर लावा आणि यात्रेत लेन्स बदलू नका. काचेवर गुलाल बसला तर रुमालाने पुसायचा नाही, बारीक कण घासून ओरखडे पडतात. आधी रबरी ब्लोअरने उडवा, मग मऊ ब्रशने झाडा, आणि फिल्टर काढून घरी आल्यावरच धुवा.